एका लुगड्याचे अंतर

पावसाळ्याच्या दिवसांत, रात्रपाळी सुटण्यास अद्याप दोनएक तासांचा अवकाश असताना, इचलकरंजीशेजारच्या कबनूर गावातील कोणत्याही मागवाल्या बोळातून जो पायी जाईल, त्याच्या दृष्टीस एक देखावा हटकून पडेल. पत्र्याच्या शेडमधून यंत्रमागांचा खडखडाट अखंड चाललेला असतो. तिचे दार अर्धवट उघडते. भुवयांवर, मिशांवर आणि कानांच्या पाळ्यांवर सुताची पांढरी पिंज बसलेला एक कामगार बाहेर येतो, पाऊस चुकविण्यासाठी वळचणीला अंग चोरून उभा राहतो, आणि कनवटीची विडी काढून काडी ओढतो. बारा तासांच्या कष्टांतून त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेली हीच काय ती पाच मिनिटे. परंतु ज्या भिंतीचा त्याने आसरा घेतलेला असतो, तिच्याच समोरच्या भिंतीत, हात लांबविला तर गजांना लागेल इतक्या अंतरावर, कोणाच्या तरी घराची खिडकी असते. आणि त्या खिडकीच्या आत कोणीतरी झोपलेले असते.

अशीच एक खिडकी माझ्या घराला आहे. ती कित्येक वर्षे उघडी होती आणि तिच्यातून येणाऱ्या धुराविषयी मी फारशी फिकीर केली नव्हती. परंतु घरात तान्हे नातवंड आले, त्याचा पाळणा त्याच खोलीत टांगला गेला, आणि पहाटे तीन वाजता सूनबाई उठून खिडकी लावू लागली, तेव्हा मला या गोष्टीचा प्रथमच गंभीरपणे विचार करणे भाग पडले. एका पहाटे मी बाहेर जाऊन त्या कामगाराला, जमेल तितक्या सौम्य शब्दांत, दुसरीकडे उभे राहण्याविषयी विनविले. तो ओशाळला, विडी चिवळून त्याने खिशात टाकली, आणि मग, तक्रारीच्या सुरात नव्हे तर खरोखरीच्या जिज्ञासेने, मला म्हणाला : “गुरुजी, आत वढली तर पिंज पेटंल म्हनून मालक वरडत्यात, दारात वढली तर वैनी खिडकी लावत्यात. दोघांचंबी खरं हाय. पर मग आमी जायाचं कुठं, त्येवढं सांगा.”

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. आणि पुढे त्याचा शोध घेऊ लागल्यावर असे ध्यानात आले, की ते कायद्याजवळही नाही.

कायद्याने काहीच केले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९९९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा इतरांस होणारा उपद्रव आहे असे ठरविले. त्यानंतर आपल्या मुंबईच्या मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या अर्जावर २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि आगगाडीसह सारी सार्वजनिक वाहने या ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारा हुकूम झाला. २००३ साली संसदेने तंबाखूविषयीचा व्यापक कायदा केला. आणि २००८ च्या गांधी जयंतीपासून जे नियम अंमलात आले, त्यांनी कामाच्या जागांचाही ‘सार्वजनिक ठिकाण’ या संज्ञेत समावेश केला. म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये विडी ओढणे हा केवळ मालकाच्या रागाचा विषय नसून दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडाचा विषय आहे. हे सर्व योग्यच झाले. परंतु या साऱ्या हुकूमनाम्यांचा रोख छपराखालच्या जागेकडे आहे; मूळ कायद्याच्या व्याख्येने मोकळी जागा सार्वजनिक ठिकाणातून वगळली, आणि पुढच्या नियमांनी त्या सवलतीतून क्रीडांगणे, रेल्वे स्थानके, बसथांबे यांसारखी लोकांच्या राबत्याची ठिकाणे बाहेर काढली, तरी माझ्या बोळातील वळचणीपर्यंत कोणाचाही हात पोहोचलेला नाही. कायद्याने कामगाराला आतून बाहेर काढले, आणि बाहेर म्हणजे कोठे, हे सांगण्यापूर्वीच दार लावून घेतले.

त्याच नियमांत एक कलम असे आहे की जे वाचून मला प्रथम मोठी आशा वाटली. तीस अथवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस अथवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपानकक्ष ठेवण्याची मुभा आहे. मात्र तो प्रवेशद्वाराशी किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी नसावा, त्याला चहूबाजूंनी छतापर्यंत भिंती असाव्यात, त्याचे दार आपोआप लागणारे असावे, आणि आतील हवा इमारतीच्या अन्य भागांत न मिसळता थेट बाहेर सोडली जावी, अशी तजवीज सांगितली आहे. मसुदा करणाराने धूर दाराशी साचतो हे ओळखले होते, यात शंका नाही. परंतु ‘थेट बाहेर’ या दोन शब्दांपाशी येऊन त्याची लेखणी थांबली. त्या बाहेरच्या बाजूस कोणाची खिडकी आहे, आणि ती किती हातांवर आहे, हा प्रश्न त्याच्या मनात आला नसावा; कारण ज्यांच्यासाठी तो नियम लिहीत होता त्यांच्या इमारतींभोवती आवार असते, आणि कबनूरच्या घरांभोवती घरे असतात.

धुराचा स्वभाव येथे थोडा समजून घेतला पाहिजे. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते. परंतु टेंभुर्णीचे पान सहज विझते, म्हणून ती जिवंत ठेवण्यास ओढणाऱ्याला अधिक झुरके घ्यावे लागतात. शिवाय तो जो धूर छातीत घेऊन सोडतो त्याहून निराळा असा एक धूर जळत्या टोकाकडून अखंड निघत असतो, आणि तो कोणाच्याच फुप्फुसांतून गाळला गेलेला नसतो. उघड्या मैदानात हा धूर विरून जातो. २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपाहारगृहांची अंगणे, उद्याने आणि पदपथ येथे प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा असे आढळले की पेटत्या सिगारेटच्या हातभर अंतरावर उघड्या हवेतील धूरही बंद खोलीतील धुराच्या बरोबरीला जाऊ शकतो, आणि एकच सिगारेट असेल तर दोन मीटरांच्या पलीकडे तो पुष्कळ ओसरतो. पण कोणी एवढ्यावरून दोन मीटरांची रेघ मारू लागेल तर ते चुकेल. ओढणारे एकाच्या जागी चार झाले, वारा खिडकीच्या दिशेने वाहू लागला, अथवा दोन्ही बाजूंस भिंती उभ्या राहिल्या, म्हणजे सारा हिशेब पालटतो. आणि आमच्या बोळांत या तिन्ही गोष्टी एकदम घडतात.

त्यात मागाच्या शेडची स्वतःची एक खोड आहे. आत यंत्रे तापलेली, माणसे घामेजलेली. म्हणून मागील भिंतीत हवा बाहेर ओढणारा पंखा बसविलेला असतो. तो पंखा जितकी हवा मागून बाहेर टाकतो, तितकीच हवा पुढच्या दारातून आत येते. दाराशी उभा राहून विडी ओढणारा कामगार अशा रीतीने आपलाच धूर आपल्याच सोबत्यांना परत पोहोचवीत असतो. आणि ते सोबती तर आधीच दिवसाचे बारा तास सुताची धूळ श्वासावाटे घेत असतात. जो धूर शेडमध्ये जात नाही तो तापलेल्या भिंतीला बिलगून वर चढतो आणि माडीच्या खिडकीत शिरतो. तेव्हा दाराबाहेर पाऊल टाकले म्हणजे धूर बाहेर गेला, ही समजूत भ्रामक आहे. धूम्रपान बाहेर झाले. धूर आतच राहिला.

जगात अन्यत्र लोकांनी ही गोष्ट ओळखून अंतर आकड्यांत मांडले आहे. कॅलिफोर्नियात २००४ पासून सरकारी इमारतींच्या मुख्य दारापासून आणि उघडता येणाऱ्या खिडक्यांपासून वीस फुटांच्या आत धूम्रपानास मनाई आहे. वॉशिंग्टन संस्थानात २००५ साली मतदारांनीच कौल देऊन दार, खिडकी आणि हवा घेण्याची झडप यांपासून पंचवीस फुटांची मर्यादा घातली. सिंगापुरात ती पाच मीटरांची आहे. आपल्या देशातही हा विचार अगदी अपरिचित नाही. भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली स्थापिलेल्या हरित इमारत परिषदेकडून ज्यांना आपल्या इमारतीसाठी मानांकन हवे असते, त्यांनी बाहेर धूम्रपानाची जागा ठेवली तर ती दारे, उघडणाऱ्या खिडक्या आणि हवेचे मार्ग यांपासून पंचवीस फूट दूर असावी, अशी अपेक्षा आहे. अर्थात ते मानांकन स्वखुशीचे आहे, आणि ते घेणाऱ्या इमारती पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारती आहेत. कबनूरच्या खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, मागधारकाने त्याचे नावही ऐकलेले नसेल. तरी अंतर कोठून मोजावयाचे, हे या सर्व नियमांनी एकमुखाने सांगितले आहे, आणि माझ्या मते फुटांच्या आकड्याहून तेच अधिक महत्त्वाचे आहे. ते मोजावयाचे ओढणाराच्या सोयीपासून नव्हे, तर ज्याच्या घरात धूर जाणार त्याच्या खिडकीपासून.

पंचवीस फूट म्हणजे किती, हे आमच्या गावाला फुटपट्टीने समजाविण्याची आवश्यकता नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून या पंचक्रोशीचे पोट कापडावर चालत आले आहे, आणि येथील लहान पोरालाही वार कळतो. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. एक लुगडे सबंध उलगडून अंथरले, की पंचवीस फूट होऊन वर दोन फूट पदराला उरतात. कायद्यालाही वार अपरिचित नाही; शिक्षणसंस्थेपासून शंभर वारांच्या आत तंबाखू विकू नये, असे त्याने २००३ सालीच सांगून ठेविले आहे. विक्रीसाठी शंभर वार मोजणाऱ्या कायद्याने धुरासाठी नऊ वार मोजण्यास हरकत कोणती?

हरकत जी आहे ती जागेची आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. आमचा बोळच मुळी पंचवीस फूट रुंद नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लुगडे अंथरू गेल्यास त्याच्या निऱ्या कराव्या लागतील. तेव्हा वॉशिंग्टनचा नियम उचलून येथे जशाचा तसा चिकटवावा, असे मी म्हणत नाही. तसे केल्यास त्याचा अर्थ इतकाच होईल की सबंध गावात कोठेही विडी ओढता येणार नाही, आणि जो नियम पाळणे अशक्य असते तो पाळला जात नाही, एवढेच नव्हे तर शक्य असलेल्या नियमांचीही तो पत घालवितो. परंतु लुगडे आडवे मावत नसेल तर ते उभे अंथरता येते. प्रत्येक बोळाला एक तोंड असते, आणि तेथे बहुधा थोडी मोकळी जागा असते; तेथे विजेचा खांब असतो, एखादा लिंब असतो, वाळूचा अगर जुन्या बिमांचा ढीग पडलेला असतो. एका बोळातील पाच-सहा मागधारकांनी मिळून अशा एका ठिकाणी चार खांबांवर दोन पत्रे टाकावेत, एक बाक ठेवावे, थोटके विझविण्यासाठी वाळूने भरलेले एक घमेले ठेवावे, शक्य झाल्यास पाण्याचा एक माठ ठेवावा. आणि तेथून कोणत्याही घराची खिडकी, शेडचे दार वा पंख्याचे तोंड एका लुगड्याच्या आत येत नाही, एवढे पाहावे. जागा निवडताना वाऱ्याचाही विचार व्हावा. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा, आणि थंडीत पूर्वेचा असतो. तेव्हा जी जागा दोन्ही ऋतूंत वस्तीच्या तोंडावर धूर फेकणार नाही ती उत्तम, आणि तशी न मिळाल्यास अंतर थोडे वाढवावे. शाळा, बालवाडी आणि दवाखाना यांच्या आवारात मात्र अशी जागा असण्याचा प्रश्नच नाही. तेथे मुळातच मनाई आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

गावचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे काम यात थोडे, पण नेमके आहे. बांधकामाचा नकाशा मंजुरीस येतो तेव्हा सामासिक अंतरे तपासली जातातच. त्याच वेळी नव्या शेडच्या नकाशावर कामगारांच्या विश्रांतीची बाहेरची जागा कोठे आहे, आणि ती शेजाऱ्याच्या खिडकीपासून किती दूर आहे, हे दाखविण्याचा शिरस्ता पाडावा. जुन्या वस्तीत सरकारी पडीक तुकडा असेल तेथे पत्रे टाकण्यास परवानगी द्यावी. दंडाचा बडगा अगदी शेवटी उगारावा. नव्या न्यायसंहितेत हवा आरोग्यास घातक करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु विडी ओढणाऱ्या कामगारावर ती चालवून शेजाऱ्यांमध्ये फिर्यादी माजविणे, हे बोळात राहणाऱ्या माणसांचे शहाणपण नव्हे. ज्याला जागा दिलेली नाही त्याला जागा चुकल्याबद्दल शिक्षा कशी करणार?

यावर तीन आक्षेप येतील, आणि ते तिन्ही मी या ना त्या ओट्यावर ऐकलेले आहेत. पहिला असा, की सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या धुराड्यांतून अहोरात्र धूर निघत असता आणि पंचगंगेच्या पाण्याचा प्रश्न सुटत नसता विडीच्या धुराचे काय घेऊन बसलात? मी म्हणतो, त्या मोठ्या प्रश्नांनीच आपल्याला अंतराची किंमत शिकविली आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून कावीळ पसरली आणि माणसे दगावली, ती हकीकत या भागात कोणी विसरलेले नाही. शुद्ध आणि अशुद्ध यांच्या वाटा एकमेकींत मिसळू देऊ नयेत, हेच त्या आपत्तीचे सार होते. आपले पूर्वज उकिरडा परसाच्या टोकाला टाकीत आणि शौचकूप विहिरीपासून दूर खणीत, ते काही शास्त्रीय अहवाल वाचून नव्हे. आपण जी मर्यादा पाण्यास लाविली ती हवेस लावावयाची राहून गेली, एवढेच.

दुसरा आक्षेप असा, की आमच्या आया चुलीच्या धुरात जन्मभर फुंकणी घेऊन बसल्या, त्यांना काय झाले? त्यांना काय झाले, हे त्यांच्या म्हातारपणीच्या खोकल्याने आणि पाणावलेल्या डोळ्यांनी सांगितले होते. आपण ऐकले नाही. तिसरा आक्षेप याच्या अगदी उलट दिशेने येतो. काही सज्जन म्हणतात, की तंबाखूने मरण येते हे ठाऊक असता ओढणाऱ्यासाठी बाक आणि पत्रे घालणे म्हणजे व्यसनाचे लाड होत. या आक्षेपात तथ्यांश आहे, आणि सिगारेट-विड्यांची सुटी विक्री बंद करणारा २०२० चा राज्य शासनाचा हुकूम अंमलात यावा असे मलाही वाटते. परंतु महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांची संख्या मुळात अल्प आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ती प्रौढांच्या शेकडा चारांहूनही कमी भरली, आणि तंबाखू चघळणारे त्याच्या सहापट निघाले. इतक्या थोड्या लोकांना एका ठिकाणी नेऊन बसविणे ही काही अवाढव्य योजना नव्हे. शिवाय बाकाची जागा ठरली, म्हणजे तेथेच विडी सोडण्याविषयी चार शब्द सांगता येतात. वळचणीला अंधारात उभ्या असलेल्या मनुष्याशी कोण बोलणार? आणि पंचवीस फुटांचे अंतर धूर नाहीसा करीत नाही, तो फक्त कमी करते, हेही विसरू नये. निर्धोक असे धुराचे प्रमाणच नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण ज्याचा समूळ उच्छेद आज होत नाही ते निदान पाळण्यापासून दूर ठेवावे, यात विसंगती कोणती?

या प्रश्नाचा विचार करताना मला आणखी एक गोष्ट जाणवली. आपल्या सार्वजनिक जीवनात मनाईच्या पाट्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या शेजारी वाट दाखविणाऱ्या पाट्या अगदी थोड्या. येथे थुंकू नये, येथे कचरा टाकू नये, येथे वाहने उभी करू नयेत. मग ती कोठे करावीत, याचा पत्ता लावण्याचे काम ज्याला मनाई केली त्याच्यावरच सोपविलेले असते. असा मनुष्य अखेर दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी जाऊन उभा राहतो, आणि मग ज्यांचे एकमेकांशी वास्तविक काही वैर नाही अशी दोन गरीब घरे एका खिडकीवरून वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलेनाशी होतात.

मागील आठवड्यात, पाऊस थोडा उघडला असता, मी माझ्या आईचे जुने इरकली लुगडे पेटीतून काढले. त्या कामगाराला हाक मारली आणि काय करावयाचे ते सांगितले; त्याला प्रथम हसू आले, मग त्याने हात धोतराला पुसून पदर नीट दोन्ही हातांत धरला. दुसरे टोक मी आमच्या खिडकीच्या गजाशी धरले, आणि तो बोळाच्या तोंडाकडे चालू लागला. लुगडे ताणले गेले तेव्हा तो शेडचे दार ओलांडून, विजेच्या खांबाच्या पलीकडे, लिंबाच्या बुंध्याशी पोहोचला होता. तेथे कोणाचीच खिडकी नाही. एका बाजूस वाळूचा ढीग आहे आणि दुसऱ्या बाजूस रस्ता. त्याने मागे वळून खिडकीकडे पाहिले, वर लिंबाकडे पाहिले, आणि म्हणाला, “एवढंच व्हय? पर वरनं पत्रा पायजे गुरुजी, न्हाईतर पावसात परत वळचणीलाच येनार आमी.”

पत्रे दोन लागतील. ते कोणी द्यावयाचे, हे आमच्या बोळातील मागधारकांनी आणि मी या रविवारी बसून ठरवावयाचे आहे.